आयर्लंड २०२४: दोन सार्वमतं, तीन निवडणुका आणि शेवटी पुन्हा तेच दोन पक्ष

लिफीकाठ

२३ जानेवारी २०२५ला फिआना फॉलचे नेते मिहॉल मार्टिन दुसऱ्यांदा टीशक, म्हणजे पंतप्रधान, झाले आणि आयर्लंडचं २०२४ एकदाचं संपलं. मराठी वर्तमानपत्रांत त्या वर्षाची बातमी एकच झाली: टीशक लिओ वराडकर पदावरून गेले. मालवण तालुक्यातलं वराड हे त्यांच्या वडिलांचं गाव, त्यामुळे ते साहजिकच. पण ते का गेले आणि त्यानंतर काय काय झालं, हे मराठीत सलग कुठे दिसलं नाही, म्हणून हा धागा.

सुरुवात ८ मार्चच्या सार्वमतांपासून करावी लागते. १९३७च्या राज्यघटनेतलं कलम ४१ कुटुंबाची व्याख्या लग्नाशी बांधतं. त्याच कलमात घरातल्या स्त्रीच्या कामामुळे राज्याला आधार मिळतो, अशा अर्थाची जुनी भाषा आहे. सरकारने दोन दुरुस्त्या मांडल्या. पहिलीनुसार कुटुंब लग्नावर 'किंवा इतर टिकाऊ नात्यांवर' उभं असू शकतं. दुसरीनुसार स्त्रीचा तो उल्लेख काढून टाकायचा आणि कुटुंबातल्या शुश्रूषेला आधार देण्यासाठी राज्य 'झटेल' असं लिहायचं. तिन्ही सत्ताधारी पक्ष (फिआना फॉल, फिने गेल आणि ग्रीन) बाजूने होते, विरोधातले शिन फेन, लेबर आणि सोशल डेमोक्रॅट्सही बाजूने. निकाल: पहिलीला ६७.७ टक्के विरोध, दुसरीला ७३.९ टक्के. आजवर कुठल्याही घटनादुरुस्तीला इतका विरोध झाला नव्हता. मतदान ४४.४ टक्के.

'आयरिश लोक पुन्हा जुन्या वळणाचे झाले' असा अर्थ बाहेर काढला गेला, तो मला पटत नाही. याच मतदारांनी २०१५ला समलिंगी विवाह आणि २०१८ला गर्भपाताचा हक्क मंजूर केला होता. इथे मसुदाच कच्चा होता. 'टिकाऊ नातं' कोणतं, हे कायद्यात कुठेच सांगितलेलं नव्हतं. मग वारसाहक्क, कर, परदेशस्थ जोडीदाराला आणणं, यांचं काय होणार याला 'न्यायालय ठरवेल' एवढंच उत्तर मिळत होतं. 'झटेल' या शब्दाला अपंगांच्या संघटनांतूनच विरोध झाला: त्यात राज्यावर बंधन काहीच नाही आणि भार पुन्हा कुटुंबावरच. मतदानाच्या तोंडावर महाधिवक्त्यांचा अंतर्गत सल्ला फुटला, त्यातही या अनिश्चिततेचा उल्लेख होता.

२० मार्चला वराडकरांनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं. कारणं वैयक्तिक आणि राजकीय, दोन्ही आहेत, एवढंच सांगितलं. त्यांच्या पक्षाच्या, फिने गेलच्या, नेतेपदासाठी सायमन हॅरिस यांच्याविरुद्ध कुणी उभंच राहिलं नाही. ९ एप्रिलला ३७व्या वर्षी ते सर्वांत तरुण टीशक झाले. आधीचा विक्रम वराडकरांचाच, ३८व्या वर्षीचा.

पुढचं झपाट्याने: २८ मेला स्पेन आणि नॉर्वेबरोबर पॅलेस्टाइनला मान्यता (डिसेंबरात इस्रायलने डब्लिनमधला दूतावास बंद करत असल्याचं जाहीर केलं). ७ जूनला स्थानिक आणि युरोपीय संसदेच्या निवडणुका, शिवाय लिमरिकमध्ये देशातला पहिला थेट निवडलेला महापौर. जुलैत डब्लिनच्या कूलॉक भागात, जिथे आश्रयार्थींची सोय होणार होती त्या जागेबाहेर दंगल. १० सप्टेंबरला ॲपलच्या थकीत कराचा निकाल. २९ नोव्हेंबरला डॉलची, म्हणजे कनिष्ठ सभागृहाची, निवडणूक.

तपशील माहीत असलेल्यांनी भर घालावी.

सातबारा

छान धागा. निकालाचे आकडे घेऊन बसलोय आणि गणित लागत नाहीये. एकूण १७४ जागा.

फिआना फॉल २१.९ टक्के, ४८ जागा
फिने गेल २०.८ टक्के, ३८ जागा
शिन फेन १९ टक्के, ३९ जागा
सोशल डेमोक्रॅट्स ४.८ टक्के, ११ जागा
लेबर ४.७ टक्के, ११ जागा
आँटू ३.९ टक्के, २ जागा
ग्रीन ३ टक्के, १ जागा

ही प्रमाणशीर पद्धत म्हणे. मग शिन फेनला फिने गेलपेक्षा मतं कमी आणि जागा जास्त कशी? आणि ४.८ टक्क्यांना अकरा, ३.९ टक्क्यांना दोन? हे कुठलं प्रमाण?

पेन्सिलवाला

सातबारा, हे टक्के फक्त पहिल्या पसंतीचे आहेत, आणि पहिल्या पसंतीवर निम्मीच निवडणूक होते. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मोजणीच्या टेबलावर आहे, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

देशात ४३ मतदारसंघ, प्रत्येकातून ३, ४ किंवा ५ जण निवडायचे. मतपत्रिकेवर सगळ्या उमेदवारांची नावं, फोटो, पक्षाचं चिन्ह. मतदार पेन्सिलने १, २, ३, ४ असे आकडे टाकतो, पाहिजे तिथे थांबतो. मत एकच असतं, पण ते एका उमेदवाराकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतं.

कोटा असा काढतात: वैध मतं भागिले (जागा अधिक एक), अपूर्णांक सोडायचा, त्यात एक मिळवायचा. ४ जागा आणि ४०,००० वैध मतं असतील तर ४०,००० भागिले ५, म्हणजे ८,०००, अधिक १. कोटा ८,००१. पाच जण एकाच वेळी ८,००१ गाठू शकत नाहीत, एवढंच त्यामागचं तर्कशास्त्र.

समजा 'अ'ला पहिल्याच फेरीत ९,००१ मतं पडली. १,००० जास्तीची. ती कुणाला द्यायची? 'अ'च्या सगळ्या ९,००१ पत्रिका दुसऱ्या पसंतीनुसार पुन्हा लावतात. त्यातल्या १,००१ पत्रिकांवर पुढची पसंतीच नाही, त्या बाजूला. उरल्या ८,०००: 'ब'च्या ४,०००, 'क'च्या २,४००, 'ड'च्या १,६००. म्हणजे आठास एक. 'ब'ला ५००, 'क'ला ३००, 'ड'ला २००.

आता गंमत बघा. 'ब'च्या ४,००० पत्रिकांपैकी नेमक्या कुठल्या ५०० द्यायच्या? गठ्ठ्याच्या वरच्या ५००. त्या ५०० पत्रिकांवर तिसरी पसंती कुणाची आहे, हा नशिबाचा भाग. म्हणूनच सुरुवातीला सगळ्या पेट्यांतल्या पत्रिका एकत्र कालवतात. नाही तर एकाच गावची पेटी वर राहील. फेरमोजणीतही पत्रिकांचा क्रम मोडायचा नसतो, तो याचसाठी. आणि उमेदवाराने नंतरच्या फेरीत कोटा ओलांडला, तर त्याच्याकडे सगळ्यात शेवटी आलेला गठ्ठाच उघडतात, आधीचे नाही.

जास्तीची मतं वाटून झाली की तळाचा उमेदवार बाद. त्याच्या सगळ्या पत्रिका पूर्ण किमतीने पुढच्या पसंतीला. तळाच्या दोघा-तिघांची बेरीज त्यांच्या वरच्यापेक्षा कमी असेल तर त्यांना एकदम बाद करता येतं. पण एक अडचण: कोट्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त मतं कुठल्याही फेरीत मिळाली तर उमेदवाराला ८,७०० युरोपर्यंत खर्च परत मिळतो. वरच्या उदाहरणात ती रेषा २,००१ मतांची. कुणी तिच्या जवळ असेल तर त्याला एकटं ठेवून आधी दुसऱ्यांची मतं वाटतात. फेऱ्या लांबतात त्या अशा. शेवटी पुष्कळ पत्रिकांवरच्या पसंत्या संपलेल्या असतात, त्यामुळे शेवटची जागा बहुतेक वेळा कोटा न गाठताच मिळते.

आता तुमचं कोडं. डब्लिन सेंट्रल बघा, जागा ४. गुन्हेगारी जगतात 'द मंक' म्हणून ओळखला जाणारा जेरार्ड हच अपक्ष उभा होता. पहिल्या पसंतीची ३,०९८ मतं घेऊन तो चौथ्या नंबरावर होता. लेबरच्या मरी शेरलॉक २,४६५ वर. जागा शेरलॉक यांना. कारण हचला १ देणारे होते, पण इतरांना १ देऊन त्याला ३ किंवा ४ देणारे फारसे नव्हते. बाद होणाऱ्या इतर पक्षांची मतं शेरलॉक यांच्याकडे सरकत गेली.

देशभर तेच झालं. सोशल डेमोक्रॅट्स आणि लेबरने मोजक्या ठिकाणी उमेदवार दिले आणि ते पुष्कळांच्या दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीचे होते. आँटू आणि ग्रीन सगळ्या ४३ मतदारसंघांत उभे राहिले. मतं पातळ पसरली. अगदी तळाशी सुरुवात केलेला उमेदवार इतरांची मतं हाती पडायच्या आतच बाद होतो, मग त्याला दुसरी पसंती कितीही असो, ती कुणी बघतच नाही.

मंदाकिनी

सगळीकडे उभं राहण्याला एक हिशेबी कारणही आहे, ते लक्षात घ्या. देशभरात पहिल्या पसंतीची २ टक्के मतं मिळाली तरच पक्षाला सरकारी वार्षिक निधी मिळतो. लहान पक्षाला एकेक हजार मतं गोळा करून ती रेषा पार करायची असते. ग्रीनची १२ वरून १ जागा झाली, पण निधी वाचला.

दुसरं बंधन याच वेळी प्रथम लागू झालं: डॉलसाठी ४० टक्के उमेदवार स्त्रिया, नाही तर निम्मा निधी कापला जातो. आधी ते प्रमाण ३० होतं. निवडून मात्र ४४ जणी आल्या, म्हणजे पाव सभागृह. अट उमेदवारीवर आहे. जिंकण्यासारखी जागा द्या असं कायदा म्हणत नाही.

आणि ही पद्धत आपल्याला परकी नाही. त्याच वर्षी १२ जुलैला महाराष्ट्र विधानपरिषदेच्या ११ जागांसाठी आमदारांनी मतदान केलं, उमेदवार १२. सूत्र तेच. २७४ आमदारांची मतं धरली, तर आपल्याकडे प्रत्येक पत्रिकेची किंमत १०० धरतात, म्हणून २७,४०० भागिले १२, अपूर्णांक सोडून २,२८३, अधिक १, म्हणजे २,२८४. सगळ्या वाहिन्या '२३चा कोटा' म्हणत होत्या तो हाच. एखाद्याला २४ मतं पडली तर ११६ किंमत जास्तीची. आपल्याकडे पत्रिकांची किंमत कमी करून त्या पुढे पाठवतात, त्यामुळे 'गठ्ठ्याच्या वरच्या ५००' हा नशिबाचा खेळ होत नाही. त्या दिवशीही शेवटच्या जागांचा निकाल दुसऱ्या पसंतीवरच लागला आणि शेकापचे जयंत पाटील पडले.

आयर्लंडच्या वरिष्ठ सभागृहासाठी, म्हणजे शानदसाठी, आपल्यासारखीच किमतीची पद्धत आहे, तिथे एका मताची किंमत १,००० धरतात. मग डॉलसाठी का नाही? लाखो पत्रिकांचे अपूर्णांक हाताने लिहीत बसणं अवघड, एवढंच कारण होतं. आजच्या काळात ते मला लंगडं वाटतं.

सातबारा

पेन्सिलवाला, मंदाकिनी, दोघांचेही आभार. पण मग मतदान यंत्रं का नाहीत? इतका श्रीमंत देश आणि पेन्सिल?

पेन्सिलवाला

यंत्रं आणली होती. २००२ला तीन मतदारसंघांत वापरली, नंतर देशभरासाठी सुमारे ७,५०० घेतली. स्वतंत्र आयोगाने अचूकतेची खात्री देता येत नाही म्हटल्यावर ती गोदामात गेली, भाडं चालू राहिलं आणि २०१२ला भंगारात विकली. एकूण खर्च सुमारे साडेपाच कोटी युरो.

कागदाचा एक फायदाही आहे. मोजणी शनिवारी सकाळी ९ला सुरू होते, पेट्या उघडून पत्रिका टेबलावर उलगडतात, आणि कठड्याच्या अलीकडे सगळ्या पक्षांचे कार्यकर्ते उभे असतात. टेबलावरची प्रत्येक पत्रिका डोळ्यांनी टिपून पेटीगणिक काड्या मारतात. पक्ष एकमेकांचे वैरी, पण ही टिपणं बहुतेक ठिकाणी मिळून करतात आणि आकडे वाटून घेतात. दुपारच्या आत पहिल्या पसंतीचा अंदाज एखाद्या टक्क्याच्या फरकाने बरोबर येतो. कुठल्या गल्लीत आपण कमी पडलो, हे पक्षाला त्याच कागदावरून कळतं.

जूनमधल्या युरोपीय मोजणीत मात्र हाल झाले. मिडलँड्स-नॉर्थ-वेस्ट मतदारसंघात ५ जागांसाठी २७ उमेदवार. पत्रिका हातभराहून लांब, आणि एकेकाला बाद करत निकाल लागायला जवळजवळ आठवडा.

मतं बाद होण्याची नेहमीची कारणं: १ हा आकडा दोघांपुढे टाकणं, एकही आकडा न टाकता शेरा लिहिणं, शिक्का नसलेली पत्रिका. १, २ लिहून एकदम ४ लिहिला तर पत्रिका बाद होत नाही, पण २ नंतर ती संपते. जूनसारख्या जोड-निवडणुकीत आणखी एक चूक हमखास होते: एका पत्रिकेवर १, २, ३ देऊन दुसऱ्या पत्रिकेवर ४, ५, ६ पुढे चालू ठेवायचे. दुसऱ्या पत्रिकेवर १ नाही, म्हणजे ती गेली.

कॉर्कवासी

मोजणीचं झालं, आता मतं का सरकली त्यावर. दोन गोष्टी धाग्यात राहून जातायत.

एक, पैसा. ॲपलच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने १३ अब्ज युरोंचा थकीत कर आयर्लंडला द्या म्हणून अंतिम निकाल दिला. व्याजासकट १४ अब्जांच्या आसपास. आयरिश सरकार आठ वर्षं 'हे पैसे आम्हाला नकोत' म्हणून भांडत होतं! कारण उघड आहे. कंपनी करातला निम्म्याहून जास्त वाटा दहा मोठ्या कंपन्यांचा. त्या नाराज झाल्या तर १४ अब्ज फार दिवस पुरायचे नाहीत. असो. हाती पैसा आला आणि १ ऑक्टोबरला अर्थसंकल्प आला तो एकूण १०.५ अब्जांच्या नव्या तरतुदी घेऊन: दोन वेळा १२५ युरोंची वीजबिल सवलत, नोव्हेंबर-डिसेंबरात मुलांचा भत्ता दुप्पट, भाडेकरूंना १,००० युरोंपर्यंत करसवलत, किमान वेतन तासाला १३.५० युरो. आठ आठवड्यांत मतदान.

पण त्याच सुमारास लोकांच्या तोंडी होती संसदेच्या आवारातली सायकलींची शेड. खर्च सुमारे ३ लाख ३६ हजार युरो, आणि बाजू उघड्या असल्याने पावसाचं पाणी आत. घर मिळत नसलेल्या देशात हे चित्र दहा धोरणपत्रिकांवर भारी पडतं.

दोन, फिने गेलची घसरण. नोव्हेंबरच्या मध्याला एका मोठ्या चाचणीत २५ टक्के, दहा-बारा दिवसांत १९. सगळा दोष कॉर्कमधल्या कँटर्क गावातल्या एका व्हिडिओवर टाकतात: दुकानात एक शुश्रूषा कर्मचारी आपलं गाऱ्हाणं मांडत होती आणि हॅरिस तिला तोडून निघून गेले, दुसऱ्या दिवशी माफी मागितली. त्याने भर पडली हे खरं. पण २०२०ला निवडून आलेल्या फिने गेलच्या खासदारांपैकी निम्मे यावेळी उभेच नव्हते. या पद्धतीत माणसाचं स्वतःचं मत मोठं असतं. वीस वर्षं दशक्रिया-बारशाला जाणारा माणूस बाजूला झाला की नवख्याकडे ती मतं आपोआप येत नाहीत. सातबारा, तुमच्या ३८ विरुद्ध ३९चं उत्तर इथेही आहे.

शिन फेनने २०२०ला उलट चूक केली होती: २४.५ टक्के मतं आणि उमेदवार फक्त ४२, त्यातले ३७ निवडून आले. मग २०२४च्या जूनमधल्या स्थानिक निवडणुकीत उमेदवार भरमसाट दिले, मतं १२ टक्क्यांच्या आसपास, आपसातच फुटली. नोव्हेंबरला आकडा नीट जमवला: ७१.

लिफीकाठ

कॉर्कवासी, शेडचा मुद्दा रास्त. घरांचं तर त्याहून वाईट. सत्ताधारी निवडणुकीत 'यंदा ४० हजारांच्या जवळ घरं होतील' सांगत होते. निकालानंतर जानेवारीत सांख्यिकी कार्यालयाचा आकडा आला: ३०,३३०. २०२३च्या ३२,६९५ पेक्षाही कमी. हे नोव्हेंबरात माहीत असतं तर निकाल काय लागला असता, असा प्रश्न विरोधक विचारतात, तो अगदीच चुकीचा नाही.

सरकार बनवण्याचं गणित आता सोपं वाटेल. बहुमत ८८. फिआना फॉल ४८ आणि फिने गेल ३८, एकूण ८६. दोनच कमी. ग्रीन सोबतीला उरले नव्हते. लेबर आणि सोशल डेमोक्रॅट्स लहान भागीदाराचं काय होतं हे पाहून बाहेर राहिले. मग उरला अपक्ष खासदार मायकेल लोरी यांच्या भोवतीचा अपक्षांचा गट. १८ डिसेंबरला त्याच गटातल्या व्हेरोना मर्फी सभापती झाल्या, त्या पदावरच्या पहिल्या स्त्री. सभापती मतदान करत नाही, त्यामुळे रेषा ८७ वर आली.

२२ जानेवारीला मतदान व्हायचं होतं. पण सरकारला पाठिंबा देणाऱ्या काही अपक्षांना विरोधी बाकांचा बोलण्याचा वेळही हवा होता. विरोधकांनी कामकाज होऊच दिलं नाही, सभागृह पुन्हा पुन्हा तहकूब झालं. एका दिवसाने, २३ला, मार्टिन ९५ विरुद्ध ७६ मतांनी निवडून आले. ठरलेली अदलाबदल: १६ नोव्हेंबर २०२७ला पद हॅरिस यांच्याकडे. (अवांतर: शपथेच्या दुसऱ्याच दिवशी एओविन वादळ आलं, मेस हेडला ताशी १८३ किलोमीटरचा झोत, साडेसात लाखांवर घरं-दुकानं अंधारात. नव्या मंत्र्यांना खाती समजून घ्यायलाही सवड मिळाली नाही.)

वराडकरांच्या डब्लिन वेस्टचं काय झालं असं कुणी विचारायच्या आत: ते उभे नव्हते. तिथे जागा ४ वरून ५ झाल्या, आणि ग्रीनची देशभरातली एकमेव जागा, रॉडरिक ओ'गॉर्मन यांची, तिथलीच. ज्या खात्याने सार्वमतं मांडली त्याचे मंत्री ओ'गॉर्मनच होते. वराडकर गेले, ते मात्र टिकले.

नवखा_डब्लिनकर

वाचतोय, उत्तम चर्चा. एक व्यावहारिक प्रश्न: वर्क परमिटवर असलेल्या भारतीय नागरिकाला यातलं कुठलं मतदान करता येतं? ऑफिसात प्रत्येक जण वेगळं सांगतो.

मंदाकिनी

स्थानिक निवडणुकीत येतं. नागरिकत्वाची अट नाही; १८ पूर्ण आणि पत्त्यावर राहता हे पुरे. उमेदवारीही करता येते. युरोपीय संसदेसाठी युरोपीय संघाचं नागरिकत्व लागतं. डॉलसाठी आयरिश किंवा ब्रिटिश. सार्वमत आणि राष्ट्राध्यक्षपदासाठी फक्त आयरिश, त्यामुळे २०२५च्या शरद ऋतूतली राष्ट्राध्यक्षांची निवडणूक तुमच्यासाठी नव्हती.

नोंदणी 'चेक द रजिस्टर' या सरकारी संकेतस्थळावर. हाताशी ठेवा: पीपीएस नंबर (सरकारी ओळख क्रमांक), जन्मतारीख, घराचा एअरकोड (इथला पिनकोड), नागरिकत्व. पीपीएस नंबर दिला तर गार्डा, म्हणजे पोलीस, ठाण्यात जाऊन शिक्का घ्यावा लागत नाही. न दिल्यास कागदी अर्ज आणि शिक्का. सोळाव्या वर्षीच नाव घालून ठेवता येतं, अठरा पूर्ण झाल्यावर ते आपोआप चालू होतं.

कुठे अडतं ते सांगते. पीपीएस नोंदीतलं नाव आणि अर्जातलं नाव जुळत नाही. मधलं नाव म्हणून वडिलांचं नाव लिहिणाऱ्या आपल्या लोकांचं हे फार होतं. पीपीएसच्या पत्रावर जसं आहे तसंच लिहा. भाड्याचं घर बदललं की पत्ता स्वतः बदलावा लागतो, नाही तर जुन्या भागाच्या केंद्रावर नाव राहतं. आणि नोंदणीची मुदत मतदानाच्या दोन-अडीच आठवडे आधी संपते: ७ जूनच्या निवडणुकीसाठी ती २० मे होती, घोषणा झाल्यावर बघू म्हणणारे पुष्कळ जण राहिले.

पेन्सिलवाला

एक जोडतो. यादीत नावापुढे अक्षर असतं आणि फक्त स्थानिक मतदाराचं अक्षर वेगळं. नागरिकत्वाचा समारंभ झाला म्हणून ते बदलत नाही. त्याच संकेतस्थळावर 'नागरिकत्वात बदल' म्हणून पुन्हा अर्ज करावा लागतो, नाही तर डॉलच्या दिवशी केंद्रावरून परत पाठवतात. मतदान कार्ड घरी आलं नाही तरी चालतं, नाव यादीत हवं; पासपोर्ट किंवा वाहन परवाना सोबत ठेवा. पुढची स्थानिक निवडणूक २०२९ला आहे, पण नाव आजच घालून टाका.

नवखा_डब्लिनकर

झालं. वडिलांचं नाव काढून पुन्हा भरावं लागलं.